थोरली दाराबाहेर पडते

त्या रविवारी बाबांनी बाहेरच्या खोलीतला सोफा, टीपॉय आणि टीव्ही आत ढकलायला लावला, तेव्हा लेकीला वाटलं की घरात रंगकाम निघालंय. रंगकाम झालेलंच होतं, पण ते भिंतींचं नव्हतं. मोकळ्या झालेल्या खोलीच्या मधोमध, छातीएवढ्या उंच लोखंडी स्टँडवर, स्वतःच्या तीन चाकांवर, गडद निळ्या रंगाचं एक विमान पंख डोक्यावर मिटून उभं होतं. बाबा त्याच्याभोवती फिरत होते आणि फडक्याने नसलेली धूळ पुसत होते.

बाबांनी हाताने घडवलेलं हे छोटं विमान गेली कित्येक वर्षं मागच्या खोलीत तुकड्यातुकड्यांनी वाढत होतं, त्यामुळे ते तिला नवीन नव्हतं. बाबा नौदलात फिटर होते. त्यांचं आयुष्य एका विमानवाहू जहाजावर गेलं आणि त्या जहाजावरही फक्त एका कामात गेलं. इंजिनवाले वेगळे, चाकांचे वेगळे, बॉम्ब टांगणारे वेगळे. बाबांकडे पंख होते. जहाजावर जागा कमी, म्हणून विमान उतरलं की त्याचे पंख मिटायचे आणि उडायच्या आधी पसरायचे. पसरून झाले की सांध्यात पोलादी खिळा बसला की नाही ते बघायचं. एवढंच काम. पण त्याला 'एवढंच' म्हणणाऱ्याला बाबा चहा देत नसत.

जहाजावरच्या मूळ विमानाचं खरं नाव कंपनीच्या पाटीवर होतं. फिटर लोक त्याला 'थोरली' म्हणत. नंतर आलेली जेट विमानं म्हणजे धाकट्या. त्या दिसायला देखण्या, पळायला वेगवान, खायला महाग आणि जरा कुठे लागलं की रुसून बसणाऱ्या. थोरलीचं तसं नव्हतं. तिला एकच इंजिन होतं, तेही पिस्टनचं, पण त्यात अठरा सिलिंडर. आपल्या स्वतःच्या वजनाच्या पाऊणपट ओझं ती अंगावर घ्यायची, दिवसभर हवेत राहायची, आणि भोकं पडली तरी संध्याकाळी घरी यायची. "घर थोरलीवर चालतं," बाबा म्हणत. यावर त्यांच्या थोरल्या बहिणीचं, म्हणजे आत्याचं, म्हणणं असं होतं की भावाला आयुष्यात हे वाक्य सुचलं ते एका यंत्राबद्दल.

तर त्या रविवारी थोरलीचे पंख घरात पहिल्यांदा पसरायचे होते. बाबांनी लेकीला शेपटीशी स्टुलावर बसवलं. विमानाच्या शेपटीखाली एक आकडा होता. खऱ्या विमानाला तो जहाजावर उतरताना आडव्या दोरात अडकायला लागतो. बाबांच्या विमानात त्यालाच पंखांच्या कुलपाची दोरी जोडली होती. आकडा खाली ओढून धरला की कुलूप उघडं, सोडला की बंद. "सोड म्हणेन तेव्हा सोडायचा," बाबा म्हणाले. ती कॉलेजात ग्रंथपाल होती आणि रिकामा हात तिला सोसत नसे. तिने डाव्या हातात आकडा धरला आणि उजव्या हातात पुस्तक.

बाबांनी एक पंख पसरला, मग दुसरा. सव्वाआठ फूट. खोलीच्या एका भिंतीपासून जवळजवळ दुसऱ्या भिंतीपर्यंत. मग त्यांनी सोड म्हटलं, तिने सोडला. थोड्या वेळाने दोन्ही सांध्यांत टक, टक असा आवाज आला, आणि कुलूप उघडं असल्याची खूण म्हणून पंखांवर वर आलेल्या दोन लाल जिभा आत गेल्या. बाबांनी डाव्या पंखाखाली उभं राहून, जणू समोर समुद्र आणि वारा आहे अशा आवाजात सांगितलं, "लागलं."

आणि ते थांबले.

हे थांबणं तिला जन्मापासून माहीत होतं. जहाजावर पंखाचं कुलूप बसलं की खालच्या माणसाने तसं ओरडून सांगायचं, आणि समोरच्याने 'ऐकलं' म्हणायचं. उत्तर आल्याशिवाय विमान जागचं हलायचं नाही. बाबांनी ही रीत घरी आणली. दार, गॅस, कपाट, पाण्याचा नळ, काहीही बंद केलं की बाबा म्हणणार "लागलं", आणि आई जिथे असेल तिथून, कधी कंटाळून, कधी हसून, म्हणणार "ऐकलं". आई गेल्यावर बाबा थांबायचे आणि मग स्वतःच उत्तर द्यायचे. लेकीला वाटे, तो शब्द आईचा आहे, आपण कशाला त्याला हात लावावा. शिवाय या घरात मायेच्या गोष्टी मोठ्याने बोलायची पद्धत नव्हती. मायेच्या जागी एकमेकांना छत्री घेऊन जायला सांगत.

तिने पान उलटलं. बाबा स्वतःच म्हणाले, "ऐकलं," आणि चहा टाकायला गेले.

चहा पिताना त्यांनी बेत सांगितला. बंदरावरच्या नौदल संग्रहालयात नवं दालन उघडणार होतं, आणि जिन्याशेजारची जागा थोरलीसाठी ठरली होती. तिथल्या अधिकाऱ्याने एकच अट घातली होती: पंख हलले पाहिजेत, कारण रंगवलेली खेळणी ते ठेवत नाहीत. बाबांना ही अट फार आवडली होती. गुरुवारी पंख मिटू, शुक्रवारी घेऊन जाऊ. मिटलेली थोरली बरोब्बर चार फूट, आणि घराचं दुहेरी दार दोन्ही फळ्या उघडल्यावर चार फूट दोन इंच. विमान खऱ्याच्या एकषष्ठांश का, तर दाराच्या मापामुळे. "लोक विमानाला घर बांधतात," बाबा म्हणाले, "मी घराला विमान बांधलं."

ती आपल्या घरी निघाली. जिना उतरताना मागे दार लागल्याचा आवाज आला आणि आतून बाबांचा, "लागलं." ती छत्री विसरली होती, पण आभाळ स्वच्छ होतं म्हणून परत गेली नाही.

मंगळवारी सकाळी, दाढी अर्धी झालेली असताना, बाबा गेले. काम अर्धवट टाकून ते आयुष्यात एकदाच उठले.

आता दुःखाचं एक बरं असतं, की त्याला एक ठरलेली खोली लागते. लोक येतात, बसतात, खाली बघतात, पाणी पितात. पण या घरात ती खोली थोरलीने व्यापलेली होती. पंख पसरलेले आणि कुलूप लागलेलं. भेटायला येणारा प्रत्येक जण दारातच मान खाली घालून कमरेत वाकायचा, आणि बघणाऱ्याला वाटायचं की याच्यावर केवढा आघात झालाय. कॉलेजचे प्राचार्य आले. त्यांनी दोन गंभीर वाक्यं तयार करून आणली होती. पहिल्या वाक्याच्या शेवटी ते सरळ उभे राहिले आणि त्यांचं कपाळ उजव्या पंखाखालच्या तिसऱ्या रॉकेटवर आपटलं. दुसरं वाक्य कोणाला कळलं नाही.

आत्याने डाव्या पंखाखाली खुर्ची टाकून कायमचा मुक्काम केला होता. ऐंशी वर्षांची आत्या उंचीने अशी बेताची होती की ती तिथे उभी राहिली तरी पंखाला लागत नसे. तिने दोन नियम जाहीर केले. पंखावर चहाचा कप ठेवायचा नाही, आणि विमानाकडे बघून 'अरेरे' म्हणायचं नाही. "माणूस गेलाय त्याला म्हणा," ती म्हणाली. "याला काय झालंय? हे चांगलं धडधाकट आहे."

संग्रहालयाची मुदत शुक्रवार दुपारपर्यंत होती. लेक आणि जावई, म्हणजे तिचा नवरा, बुधवारी सकाळी कामाला लागले. नवरा विमा कंपनीत होता. कुठलंही संकट आलं की प्रथम मोजमाप करायचं, ही त्याची श्रद्धा होती. त्याने टेप काढून खोली मोजली, दार मोजलं, पंख मोजले, आणि शेवटी, काही राहू नये म्हणून, आत्याची खुर्चीही मोजली. निष्कर्ष असा निघाला की सव्वाआठ फुटांची वस्तू चार फूट दोन इंचांतून जात नाही.

"मग पंख मिटा," आत्या म्हणाली.

ती शेपटीशी बसली आणि आकडा ओढला. नवऱ्याने लगेच डावा पंख वर ढकलला. पंख ढिम्म. पुन्हा ओढला, पुन्हा ढकलला. लाल जीभ पंखावर नखाएवढी वर आली आणि तिथेच अडकली. बाबांनी पंख कसे मिटायचे ते कुणालाही दाखवलं नव्हतं, कारण गुरुवारी ते स्वतः मिटणार होते.

अशा वेळी माणसाने दार लावून घ्यावं. पण भेटायला येणाऱ्यांसाठी ते उघडं होतं, आणि उघड्या दारातून सल्ले आत आले.

वरच्या मजल्यावरचे इंजिनिअर काका पाणीपुरवठ्यातून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा पुसून विमानाला दोन प्रदक्षिणा घातल्या आणि पंख करवतीने कापून तिकडे गेल्यावर जोडावेत असं सुचवलं. हल्ली माणसंसुद्धा कापून जोडतात. खालच्या किराणावाल्याचं म्हणणं, खिडकीची जाळी काढा, दोर लावा आणि सोडा खाली, मी माझा पत्रा तेवढा बाजूला घेतो. समोरच्या बाईंनी विचारलं की हे इथेच ठेवलं आणि सोफा संग्रहालयाला दिला तर चालणार नाही का. प्रत्येकाचं ऐकून घ्यावं लागलं, कारण प्रत्येक जण सांत्वनाला आला होता आणि सल्ला ही त्याची सांत्वनाची रीत होती.

मग इमारतीचे सेक्रेटरी आले. ते रोजच्यासारखे ताठ आले, उजव्या पंखाला डोकं आपटून घेतलं, आणि टकलावर निळा डाग घेऊन दुःख व्यक्त केलं. त्याच श्वासात त्यांनी नियम सांगितला. जिन्यावरून सहा फुटांपेक्षा लांब वस्तू न्यायची तर आगाऊ अर्ज लागतो. थोरली साडेसहा फूट. अर्ज दिला तर बैठक पुढल्या महिन्यात. तिने शांतपणे विचारलं की मग काल बाबांना चौघांनी खाली नेलं त्याचा अर्ज राहिला का. ते साडेपाच होते, असं सेक्रेटरी म्हणाले. नंतर त्यांचं त्यांनाच कसंसं झालं असावं, कारण ते पाणी न पिताच गेले.

दुपारी ती संग्रहालयात गेली. तिथला कारकून सभ्य होता आणि त्याच्यापुढे एक लांबरुंद पुस्तक होतं. देणगीदार स्वतः हवेत, तो म्हणाला. ते नाहीत, ती म्हणाली. मग कधी येतील?

तिने हे उत्तर अजून कुणाला मोठ्याने दिलं नव्हतं. "येणार नाहीत," ती म्हणाली. "मी आले आहे."

कारकून उठून उभा राहिला, तिला पाणी दिलं, आणि बसल्यावर पुन्हा कारकून झाला. वस्तू कुठल्या रकान्यात घालू? रकाने होते: शस्त्र, गणवेश, चित्र, जहाजाचा भाग, इतर. हे शस्त्र नाही, कारण चालत नाही. चित्र नाही. जहाजाचा भाग म्हणावा तर ते जहाजावरून उडून जातं. तेव्हा 'इतर'. आणि त्याने लेखणी टेकवली.

आता ती आयुष्यभर पुस्तकांच्या पाठीवर आकडे चिकटवत आलेली. कुठल्या पुस्तकाला 'इतर' म्हणायचं नाही म्हणून ती एकदा दोन दिवस भांडली होती, तेही एका भाषणसंग्रहासाठी. इथे तर थोरली होती. तिने सांगितलं, रकाना नवा आखा आणि लिहा: विमान, नौदलाचं, जहाजावरून उडणारं, हल्ल्याचं, पिस्टन इंजिनाचं, पंख मिटणारं. कारकून म्हणाला, एवढं रकान्यात मावणार नाही. "मग पुस्तक आडवं धरा," ती म्हणाली. आणि त्याने खरंच आडवं धरलं. परत येताना बसमध्ये तिला जाणवलं की आपण सबंध वेळ ताठ बसलो होतो, बाबांसारखे.

अधिकाऱ्याने मात्र जाता जाता सांगितलं होतं की दालनाचं दार अरुंद आहे, विमान मिटूनच आत येईल, आणि शुक्रवारी दुपारपर्यंत आलं नाही तर जिन्याशेजारी जहाजाचा जुना नांगर बसेल. त्या नांगराची शिफारस वरून आलेली होती. तो अंगणात बऱ्याच दिवसांपासून जागेची वाट बघत गंजत होता.

म्हणजे प्रश्न साधा होता. बाबांनी जिच्यासाठी दार मोजलं ती थोरली एक तर पंख हलवत त्या जागेवर उभी राहणार, नाही तर करवतीने कापली जाणार, आणि मग अधिकारी म्हणेल तसं, रंगवलेलं खेळणं होणार.

गुरुवारचा सबंध दिवस त्यात गेला. आकडा ओढला, पंख ढकलला. आकडा ओढून दोघांनी पंख ढकलला. इंजिनिअर काकांनी सांध्यात तेल सोडलं. ते सांध्याच्या आतल्या बाजूने वाट काढत नेमकं आत्याच्या केसांत उतरलं. आत्या म्हणाली, एवढं तेल मला आईनेसुद्धा घातलं नव्हतं. किराणावाला हातोडी घेऊन आला, आणि आत्याने नुसतं बघितल्यावर हातोडी घेऊन परत गेला. नवऱ्याने सगळं पुन्हा एकदा मोजलं. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा करवत कुठली चांगली, बारीक दात्याची की जाड, यावर चर्चा सुरू झाली होती. ती शेपटीशी स्टुलावर बसून ऐकत होती. हातात आकडा होता. दुसरा हात रिकामा होता, आणि पहिल्यांदाच तिला तिथे पुस्तक नको होतं.

"एकदा शेवटचं," ती म्हणाली, आणि आकडा ओढला.

नवरा आणि काका पंखांना हात घालणार, तेवढ्यात समोरच्या बाई जायला निघाल्या. त्यांनी जाताना दार ओढून घेतलं, ते खाडकन लागलं. आणि आत्याने, भावाला ज्या सुरात ती जन्मभर चिडवत आली त्याच सुरात, सवयीने म्हटलं, "लागलं."

सगळे जागच्या जागी थांबले. नवऱ्याचा हात हवेत राहिला, तिच्या हातात आकडा ओढलेलाच राहिला. काका खाली बघू लागले. आत्यालाही आपण काय म्हणालो ते कळलं आणि ती गप्प झाली. बोलायला हवं होतं ते एकाच माणसाने, आणि तो माणूस आता नव्हता.

त्या शांततेत डाव्या सांध्यात टक असा आवाज झाला. मग उजव्या. दोन्ही लाल जिभा पूर्ण वर आल्या.

नवऱ्याने बोटाने पंख जरासा उचलला. पंख कापसासारखा वर गेला.

इंजिनिअर काकांनी आधी खुर्ची शोधली. मग त्यांनी सांध्यात टॉर्च मारून बघितलं आणि करवतीबद्दल काही न बोलता समजावून सांगितलं, आणि ते छान समजावलं, कारण पाण्याच्या नळ्यांत त्यांचं आयुष्य गेलं होतं. आत सुईएवढ्या नळीतून तेल जातं आणि ते खिळ्याला मागे ओढतं. तेलाला वेळ लागतो. आपण आकडा ओढला की लगेच ढकलत होतो, त्यामुळे खिळ्यावर पंखाचा भार यायचा आणि तो तिथेच अडकायचा. काही करायचं नव्हतं. थांबायचं होतं. "खऱ्या विमानातही असंच असणार," काका म्हणाले. "कुलूप बसायला आणि सुटायला जेवढा वेळ, तेवढा वेळ उभं राहायचं."

"मला वाटायचं, बाबा आईच्या उत्तरासाठी थांबतात," ती म्हणाली.

"छे," आत्या म्हणाली. "तो लग्नाच्या आधीपासून थांबायचा. सुट्टीवर घरी आला की दार लावायचा आणि कडीला हात लावून उभा. आम्ही म्हणायचो, पोराला समुद्राचं वारं लागलंय." तिने केसांतलं तेल पदराने पुसलं. "तुझी आई आली, तिने बघितलं की हा थांबतोच आहे. मग तिने उत्तर द्यायला सुरुवात केली."

शुक्रवारी सकाळी थोरली स्टँडवरून उतरून, पंख मिटून दाराशी उभी राहिली. दोन्ही फळ्या उघडल्या. चार फूट दोन इंचांतून चार फूट बाहेर पडले, प्रत्येक बाजूला एक एक इंच राहिला, आणि नवऱ्याने तो दोन्हीकडे मोजून घेतला. बाबांचं माप असं बरोबर आल्यावर सगळ्यांना वाटलं, झालंच आता.

पण बाबांनी माप घेतलं तेव्हा जिन्याच्या वळणावर सेक्रेटरींचं चपलांचं कपाट नव्हतं. आता होतं. सहा फूट उंच, वर कुंडी, आणि नियमाप्रमाणे अर्थातच बेकायदा. थोरलीचं नाक कपाटाला टेकलं आणि शेपूट अजून घरात. पुढे जाता येईना, मागे यायला कोणी तयार होईना. बेल वाजवली. सेक्रेटरी बाहेर आले आणि चार पात्यांचा पंखा आपल्या छातीसमोर बघून एक पायरी मागे सरले. टकलावरचा निळा डाग अजून गेला नव्हता.

तिने अर्जाचा विषय काढला नाही. कपाटाचाही नाही. नुसती उभी राहिली. बाबांकडून आलेलं हे थांबणं तिला आता नीट जमू लागलं होतं. सेक्रेटरींनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा थोरलीकडे, आणि मग ते स्वतः खाली बसून चपला काढू लागले. त्यांच्या, बायकोच्या, मुलांच्या, कधीच परत न गेलेल्या पाहुण्यांच्या. कठड्यावर, पायऱ्यांवर, दुसऱ्यांच्या दारांपुढे चपलाच चपला झाल्या. कपाट हललं. मग कोणी न सांगता त्यांनी शेपटीचा एक कोपरा उचलला आणि जिना उतरेपर्यंत सोडला नाही. खाली आल्यावर म्हणाले, "साडेसहा फूट आहे खरं. पण वाकवून आणलं तर साडेपाचच भरेल."

टेम्पोत मागे थोरली, तिचं स्टँड, नवरा, इंजिनिअर काका आणि खुर्चीसकट आत्या, पुढे ड्रायव्हरशेजारी ती. सिग्नलला शेजारच्या गाड्यांतले लोक माना बाहेर काढून बघत होते. एरवी असं कोणी बघितलं तर ती खिडकीची काच वर करते. आज तिने काच खाली केली.

"हे काय म्हणायचं, ताई?" ड्रायव्हरने विचारलं.

आणि तिला कळलं की आपल्याला सगळं पाठ आहे. कधी पाठ केलं नव्हतं, पुस्तकाच्या पलीकडून कानावर पडत गेलं होतं, त्याच क्रमाने, त्याच सुरात. जहाजावरून उडणारं हल्ल्याचं विमान. एक माणूस, एक इंजिन. अठरा सिलिंडर, नऊ नऊच्या दोन फेऱ्या, सत्तावीसशे अश्वशक्ती. पंखा चार पात्यांचा, साडेतेरा फुटांचा. लांबी एकोणचाळीस फूट, पंख पसरले की पन्नास, मिटले की चोवीस. वेग तासाला सव्वातीनशे मैल. जेटच्या मानाने काहीच नाही, पण जेट तासाभरात दमतं. पंखांखाली आणि पोटाखाली मिळून आठ हजार पौंड, बॉम्ब म्हणा, रॉकेटं म्हणा, पाणतीर म्हणा. एवढं घेऊन जायचं, टाकायचं आणि परत घरी यायचं.

ड्रायव्हरने सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलवली नाही. "तुम्ही विमानात होता का?"

"माझे बाबा पंखांवर होते," ती म्हणाली. आणि त्याला नीट कळावं म्हणून पुढे सांगितलं, "ते सांगायचे कुलूप लागलं, मगच ते उडायचं."

संग्रहालयाच्या अंगणात नांगराला दोर बांधून झाले होते. चार माणसं त्याच्याभोवती उभी होती आणि अधिकारी घड्याळ बघत होता. थोरली मिटलेल्या पंखांनी त्यांच्यामधून, अरुंद दारातून, आत गेली. जिन्याशेजारी उंच खिडकी होती आणि तिच्यातून उजेड येत होता. बाबांनी ही जागा कधी येऊन बघितली असेल, कुणास ठाऊक. स्टँड मांडून थोरलीला त्यावर चढवलं. जागा मापाची होती.

अधिकाऱ्याने पंख दाखवायला सांगितलं. नवरा उजव्या पंखाला, काका डाव्या. ती शेपटीशी गुडघ्यावर बसली आणि आकडा ओढून धरला. कोणी घाई केली नाही. पंख आधी एक, मग दुसरा, सावकाश खाली आले आणि पसरले. खिडकीच्या उजेडात निळा रंग घरच्यापेक्षा गडद दिसला. कारकून आपलं लांबरुंद पुस्तक घेऊन दारात उभा होता. त्याने ते अजून आडवंच धरलं होतं. नांगराची माणसंही आत आली आणि त्यांनी टोप्या काढल्या.

तिने आकडा सोडला. सगळे थांबले. अधिकारी काहीतरी बोलायला गेला, तेव्हा आत्याने त्याच्याकडे न बघता एक बोट वर केलं.

टक. टक. लाल जिभा आत गेल्या.

आत्या खुर्चीतून उठली. डाव्या पंखाखाली, बाबा उभे राहायचे तिथे, जाऊन उभी राहिली. यावेळी तिच्या सुरात चिडवणं नव्हतं. ऐंशी वर्षांच्या बाईने, समोर समुद्र आणि वारा आहे अशा आवाजात सांगितलं, "लागलं."

आणि ती थांबली.

दालनात कोणी हललं नाही. उत्तर आल्याशिवाय काही हलायचं नसतं, हे तिथे कोणाला सांगितलेलं नव्हतं, तरी सगळ्यांना माहीत असल्यासारखं झालं होतं. ती शेपटीशी गुडघ्यावर होती. दोन्ही हात रिकामे. ती उठून उभी राहिली, पंखाच्या टोकापासून टोकापर्यंत बघितलं, आणि शेवटच्या भिंतीपर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली,

"ऐकलं, बाबा."